निवांत वाण

म्हैस थांबली की आपण थांबायचं. आमच्या वस्तीवर पोराला चड्डी घालायला लावायच्या आधी हे शिकवतात.

आम्ही गवळी धनगर. चंदगडच्या वरच्या अंगाला, दाट रानात आमची वस्ती. चार घरं, आणि घरांपेक्षा मोठे चार गोठे. रानात शिरताना सगळ्यात पुढं जाणती म्हैस चालते, तिच्यामागं बाकीचा कळप आणि सगळ्यात मागं माणूस. बाहेरच्यांना हे उलटं वाटतं. राखणारा पुढं नको का, म्हणतात. अहो, माणसाच्या नाकाला कळतंय काय? वाघाचा वास म्हशीला आधी येतो. ती थांबते, मान वर करते, नाकातून जोरात फुरफुरते. मग सगळ्या म्हशी रेडकं मधे घेऊन, शिंगं बाहेर करून कडं धरतात. गुराख्यानं त्या कड्यात शिरायचं आणि गप उभं राहायचं. माझा आजा असा दोनदा वाचला, आणि दोन्ही वेळा त्यानं वाघ बघितलासुद्धा नाही.

त्यामुळं माझा थोरला भाऊ नवलूदादा रानात झाडी बघत नाही, म्हशी बघतो. बिडी ओढत, गुणगुणत, म्हशींच्या पाठींवर नजर ठेवून चालतो. त्या चालल्यात म्हणजे सगळं ठीक आहे.

मी पल्लवी कोळापटे. या वस्तीवरची पहिली डॉक्टर, पण जनावरांची. दादानं स्वतःची शाळा सोडून मला शिकवलं, हे आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि मला दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं होतं. पास झाल्यावर मला खाली गावात, म्हैस पैदास केंद्रात नोकरी लागली. तिथले प्रमुख टेंबेसर. हुशार माणूस, बोलायला लागला की समोरच्यानं चहा गार होऊ द्यावा असा.

केंद्राचं काम दुधाचं कमी आणि मांसाचं जास्त. पूर्वी म्हशीला नर झाला की लोक तोंड वाकडं करायचे, कारण दूध देत नाही आणि नांगराला ट्रॅक्टर आलेला. आता त्याच रेड्याचं मांस परदेशात जातं. पण त्यात एक मोठी अडचण होती, ती म्हणजे भीती.

थांबा, सांगते. जनावराच्या स्नायूंत साखरेचा साठा असतो. जनावर मारल्यावर त्या साखरेचं आम्ल होतं आणि त्या आम्लामुळं मांस मऊ राहतं, टिकतं. पण टेम्पोत कोंबलेला, कत्तलखान्याच्या दारात रक्ताच्या वासानं बिथरलेला रेडा ती साखर आधीच जाळून बसतो. मग आम्ल होत नाही. मांस काळपट, चिवट निघतं आणि लवकर नासतं. परदेशातून कंटेनर परत यायचे. शिवाय भ्यालेल्या जनावराच्या रक्तात जे रस उतरतात ते रोगाशी लढायची ताकद दाबून टाकतात. म्हणजे भित्रं रेडकू आजारी पडणार, खाणार कमी, वजन धरणार नाही.

टेंबेसर म्हणाले, मग भीतीच काढून टाकू.

मेंदूत बदामाएवढी एक गाठ असते. धोका दिसला की ती गाठ अंगभर बोंब ठोकते. सरांनी गर्भातच जनुकांत बारीकशी दुरुस्ती करून त्या गाठीचा आवाज कमी केला. रेडिओचं बटण पिळावं तसा. तयार झालेल्या रेड्यांचं वीर्य आम्ही गोठवून वस्त्यावस्त्यांवर फुकट वाटलं. ही दुरुस्ती अशी होती की बाप निवांत असला तर आई कशीही असो, रेडकू निवांतच व्हायचं. वाणाचं नावच 'निवांत' ठेवलं.

खरं सांगते, पहिली रेडकं बघून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सुई टोचली तरी ढिम्म. फटाका वाजला तरी रवंथ चालूच. हगवण नाही, खोकला नाही, आणि अंग कसं भरलेलं! मी ते वीर्य सगळ्यात आधी आमच्या वस्तीवर नेलं.

"भीती काढली म्हंजे नेमकं काय काढलं?" दादानं विचारलं.

"आजारपण काढलं रे."

"आन् वाघ आला तर?"

"दादा, वाघ कुठं राहिलाय आता?"

तो हसला. "तू म्हणतीस म्हंजे बरोबरच असंल. मी काय शिकलोय?"

हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते मला पुढं फार लागलं.

दहाएक वर्षांत गोठा निवांत म्हशींनी भरला. जुन्या म्हशी म्हाताऱ्या होऊन गेल्या. राहिली एकटी चांदी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली आमची जाणती म्हैस.

आई मात्र नव्या म्हशींवर खूश नव्हती. आमच्यात रेडा विकायचा झाला की घरातली बाई त्याच्या गळ्यातली घंटा सोडते, त्याला भाकरी चारते आणि पाठ फिरवते. तो कुठं जातो हे कोणी विचारत नाही. टेम्पोतनं त्याचं रेकणं पार खालच्या वळणापर्यंत ऐकू यायचं आणि आई दोन दिवस जेवायची नाही. निवांत रेडा स्वतःच्या पायानं टेम्पोत चढला, वरातीला निघाल्यासारखा.

"बघ आई, किती सोपं झालं," मी म्हणाले. "त्याला पण त्रास नाही, तुला पण नाही."

"त्याला न्हाई, ते दिसलं," आई म्हणाली. "माझं तू ठरवू नकोस."

आणखी एकदा तिनं मला गोठ्यात ओढून नेलं. एका निवांत म्हशीचं रेडकू मेलेलं पडलं होतं आणि म्हैस त्याच्यावर पाय देऊन वैरण खात होती. "पोरगं मेलं तिचं, आन् ती नुस्ती खातीया. असली कसली आई गं ही? तू हिचं काय केलंस?"

मी तिला समजावलं की जनावराला आपल्यासारखं दुःख नसतं. असं बरंच काही मला तेव्हा समजावता यायचं.

मग केंद्राचा नियम आला. कळप पूर्ण निवांत असेल तरच प्रमाणपत्र मिळणार, आणि प्रमाणपत्र असेल तरच रेडे निर्यातीला जाणार. म्हणजे चांदीला काढायला हवं होतं. मी सुट्टीला वर गेले तेव्हा विषय काढला. दादानं बिडी विझवली.

"पले, परवा काय झालं सांगू? वड्याच्या अंगाला, पाण्यापाशी चांदी थांबली. फुरफुरली. बाकीच्या न्हाई थांबल्या. तिला ढकलून गेल्या फुडं."

"मग?"

"मग काय, मी थांबलो चांदीपाशी. त्या गेल्या आन् चरून आल्या माघारी."

"बघ! म्हणजे काही नव्हतंच. म्हातारी झालीय ती, उगाच बिचकते."

"असंल," दादा म्हणाला. "पण ती गेल्यावर मी कुणाकडं बघायचं?"

"अरे, बाकीच्या आहेत की एवढ्या!"

मी हे बोलले. याच वस्तीवर वाढलेली, आजाच्या मांडीवर बसून कड्याच्या गोष्टी ऐकलेली मी. माझ्या डोक्यात प्रमाणपत्र होतं. व्यापाऱ्याला निरोपही मीच दिला, बुधवारी चांदीला घेऊन जा म्हणून.

त्याच बुधवारी सकाळी केंद्रात घोणस निघाली. रेडकांच्या गोठ्यात, वैरणीत. मी पोचले तेव्हा ती फुत्कारत होती, कुकरच्या शिट्टीसारखी. मी दारातच थांबले. आणि सगळी रेडकं तिच्याभोवती वैरण खात होती. एकानं तर तिला बाजूला करायला नाक पुढं केलं. तिनं नाकावर दंश केला. रेडकानं डोकं झटकलं आणि परत खायला लागलं. नाक सुजलं, तोंडातनं रक्तमिश्रित लाळ यायला लागली, तरी ते खात होतं. औषध भरेपर्यंत आडवं झालं. आडवं होतानासुद्धा त्याच्या तोंडात वैरण होती.

टेंबेसर येऊन बघून गेले. "गोठ्याला जाळी मारून घ्या," म्हणाले. "वाणाचा दोष नाही हा. दारं-खिडक्यांचा आहे."

मी त्या रेडकापाशी बसून राहिले आणि मला दादाचं बोलणं आठवलं. वड्याच्या अंगाला काही नव्हतंच, असं मी म्हणाले होते. कशावरून नव्हतं? त्या गेल्या आणि चरून आल्या, एवढंच दादानं सांगितलं होतं. वाघ झोपलेला असेल, पोट भरलेला असेल. निवांत म्हैस वाघाच्या शेजारीसुद्धा चरून येईल! वाघ राहिलेत कुठं म्हणत होते मी, आणि वनखात्याची माणसं गेलं वर्षभर पावलांचे ठसे मोजत होती. आणि दादा झाडी बघत नाही. दादा म्हशी बघतो. त्या चालल्यात म्हणजे सगळं ठीक आहे.

मी फोन लावला. लागणार कुठून? दोन हजार चाळीस साल उजाडलं तरी आमच्या वस्तीवर रेंज नाही. मी गाडी काढली आणि घाट चढायला लागले.

अर्ध्या घाटात चांदीचा आवाज आला. आधी आवाज, मग वळणावर टेम्पो. किती वर्षांनी असं रेकणं ऐकलं मी! जीव तोडून चाललं होतं तिचं. मी गाडी रस्त्यात आडवी घातली. व्यापारी अल्लाबक्षचाचा, माझ्या लहानपणापासून आमच्याकडं येणारा माणूस, डोकं बाहेर काढून ओरडला, "येडी झालीस का पोरी? मराचं हाय काय?"

"चाचा, उतरवा हिला. आत्ताच्या आत्ता."

"तूच तर निरोप दिलतास!"

"चुकलं माझं. उतरवा."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पुढं काही न विचारता फळी लावली. चांदी उतरली तेव्हा तिचे चारी पाय लटलट कापत होते. तिच्या मानेवर हात ठेवला तर आत काळीज धाडधाड उडत होतं. टेम्पो त्या अरुंद घाटात वळणार नव्हता, म्हणून मी गाडी कडेला लावली आणि दाव्याला धरून तिला वर न्यायला लागले. न्यायला कसली, तीच मला ओढत होती.

वस्तीवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आई अंगणात शेणी थापत बसली होती.

"आई, दादा कुठाय?"

"येतोय की मागनं. म्हशी आत्ताच आल्या बघ." मग तिला चांदी दिसली. "अगं बया, हिला माघारी आणलीस? बरं केलंस, माझी बाय!"

"आई, म्हशी कशा आल्या?"

"कशा म्हंजे? चालत."

माझा जरा जीव खाली पडला. लहानपणी एकदा कळपावर वाघ आला होता तेव्हा म्हशी शेपट्या वर करून, फेस गाळत, कुंपण मोडून आत घुसल्या होत्या. त्यांच्याकडं बघूनच बाया रडायला लागल्या होत्या. वस्तीला खबर द्यायची म्हशींची रीतच ती. आज म्हशी रांगेत आल्या होत्या, पोटं भरलेली, जिथल्या तिथं जाऊन उभ्या. म्हणून आई शेणी थापत बसली होती.

मी तरीही गोठ्यात गेले. म्हशी रवंथ करत होत्या. कोपऱ्यातल्या एकीच्या पाठीवर काहीतरी ओलं दिसलं. चिखल असेल म्हणून हात लावला. बोटं लाल झाली. जखम शोधली, म्हशीला कुठंही जखम नव्हती. तिनं वळून माझ्याकडं बघितलं आणि परत रवंथ करायला लागली.

माझी किंकाळी ऐकून आई धावत आली. तिनं माझा लाल झालेला हात धरला. "नवल्या!" एवढंच तिच्या तोंडून आलं.

शेजारच्या घरातला बाबू यडगे आणि त्याचा भाऊ कुऱ्हाडी, कोयते आणि बडवायला पत्र्याचा डबा घेऊन निघाले. रान एवढं मोठं, दादाला शोधणार कुठं? मी चांदीचं दावं सोडलं. ती नेहमीच्या वाटेला लागली आणि आम्ही तिच्यामागं. मी झाडी बघत नव्हते. तिच्या कानांकडं बघत होते.

वड्याच्या अलीकडं चांदी थांबली. मान वर केली. फुरफुरली. अंगावरची कातडी लाटा आल्यासारखी हलत होती.

"थांबा," मी म्हणाले. सगळे थांबले. बाबूनं डबा बडवायला सुरुवात केली. पुढं कारवीच्या झुडपांत काहीतरी हाललं, लांब गेलं, आणि चांदी तसूभरही हलली नाही. शिंगं त्या दिशेला रोखून ती एकटीच उभी राहिली. एका म्हशीचं कडं! मला रडू फुटलं.

मग तिनं मान खाली घातली आणि पुढं निघाली. दादा दोन दगडांच्या बेचक्यात होता. डाव्या हाताचं बघवत नव्हतं. पण डोळे उघडे होते.

"दादा! दादा, मी आलेय रे."

"पोरांची आई हुती ती," तो पुटपुटला. "मला लांब ठेवायचं हुतं तिला. खायचं नव्हतं." मग म्हणाला, "मी म्हशींच्याकडंच बघत हुतो गं. वाघीण माझ्या अंगावर हुती, एकीची पाठ धरली म्या, आन् त्या चरत हुत्या."

दादाचा हात कोपराखाली काढावा लागला.

टेंबेसर दवाखान्यात फळं घेऊन आले. वाईट माणूस नव्हे हो तो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं. पण बाहेर व्हरांड्यात मला म्हणाले, "पल्लवी, यावर उपाय आहे. गळ्यात पट्टा बांधू. वाघाचा वास टिपणारं यंत्र बसवू. तेच भोंगा वाजवेल. भीतीचं काम आता जनावरानं करायची गरज नाही."

"आणि भोंगा वाजल्यावर कडं कोण धरणार, सर? पट्टा?"

मी राजीनामा दिला, तो त्यांनी घेतला, आणि पट्ट्याचं काम सुरू झालं म्हणतात.

मी मात्र जिथं जिथं वीर्य वाटलं होतं त्या प्रत्येक वस्तीवर जाऊन सांगितलं. काहींनी ऐकलं. काहींनी चहा पाजला आणि रेडे किती भरलेत ते दाखवलं. जे ऐकणारे होते त्यांनी विचारलं, आता जुन्या रक्ताचा रेडा आणायचा कुठून? अजून शोधतेय. जिथं रानाची वाट संपते अशा ठिकाणीसुद्धा आमचंच वीर्य पोचलंय, आणि पोचवणारी मी होते.

दादा बरा झाला तसा परत रानात जायला लागला. दुसरं येतं काय त्याला? दीडेक वर्ष चांदी पुढं चालली. मग तिला चढ झेपेना. आता ती अंगणात बसून असते, आई तिला भाकरी चारते आणि पाठ फिरवत नाही.

चांदी बसली त्या दिवसापासून कळपाच्या पुढं मी चालते. आमच्यात माणूस पुढं चालल्याचं कुणी ऐकलेलं नाही. पोरं हसतात. दादा हसत नाही. तो मागं असतो, एका हातानं काठी धरून.

पहिल्याच दिवशी वड्याच्या अंगाला पानं वाजली. वारा असेल. वानर असेल. मी थांबले. मागच्या म्हशीचं नाक पाठीला लागलं, ओलं, ऊन ऊन. ती मला ढकलायला लागली. मी पाय रोवले, हात पसरले. कळप अडला.

"काय गं पले?" मागनं दादाचा आवाज आला. "काय हाय?"

"माहीत न्हाई."

"दिसतंय काय?"

"न्हाई. भ्या वाटतंय रे, दादा."

त्याची काठी जमिनीला टेकल्याचं मला ऐकू आलं.

"वाटू दे," तो म्हणाला. "थांब तशीच. मी पण थांबलोय."